जांभळ्या झग्याचा जादूगार

नाटककंपनीच्या कपडेपटात काम मिळालंय, असं भाचीने सांगितलं तेव्हा मावशी काजं करत होती. तिने मान वर केली नाही. "बरं," एवढंच म्हणाली आणि पुढचं काज तिरकं केलं. या बाईच्या हातून तिरकं काज झालेलं कुणी पाहिलं नव्हतं. कोपऱ्यात इस्त्री फिरवणाऱ्या काकांनी ते पाहिलं आणि ते गप्प बसले. गप्प बसणं काकांच्या स्वभावात नव्हतं, म्हणजे प्रकरण साधं नव्हतं.

मावशी काही कोत्या मनाची नव्हती. बहिणीची ही मुलगी शाळा सुटली की थेट दुकानात यायची, टेबलाखाली बसून चिंध्यांच्या बाहुल्या करायची, आणि आता मावशीपेक्षा सफाईदार कॉलर बसवत होती. कंपनी दुसऱ्या शहरात होती. तिथे राजांचे अंगरखे आणि राक्षसांची चिलखतं शिवायची, या कल्पनेनेच पोरीचे पाय जमिनीवर राहिले नव्हते. मावशीला मात्र दुकानात एकटं उरायची भीती वाटत होती. ती सांगता येईना, म्हणून ती बाकीचं सगळं सांगत सुटली. तिकडचं पाणी बाधतं, नाटकवाल्यांना जेवायची शुद्ध नसते, रात्री-अपरात्री तालमी चालतात. भाची सगळ्याला हो म्हणत होती आणि बॅगेची चेन दुरुस्त करत होती. शेवटी मावशीने पैज लावली. रत्नगड खेळायचा, भाची जिंकली तर तिने खुशाल जावं, मावशी जिंकली तर वर्षभर इथेच राहावं.

हे ऐकून भाची इतकी हसली की तोंडातली टाचणी पडली. तिच्या हसण्यालाही कारण होतं.

रत्नगड हा हातात मावणाऱ्या एका यंत्रावरचा खेळ होता. भाचीने तो कधीतरी दुकानात आणला आणि दुपारच्या चहाबरोबर तो रोजचाच झाला. पडद्यावर रंगीत खड्यांचा पट असायचा. शेजारचे दोन खडे अदलाबदल करून एका रंगाचे तीन ओळीत आणले की ते फुटायचे. लाल फुटले तर तलवारीचा वार, निळे फुटले तर जादू, हिरवे फुटले तर जखमा भरायच्या. भाचीची तलवारवाली बाई होती. मावशीने म्हातारा जादूगार घेतला, कारण त्याचा जांभळा झगा तिला आवडला. तलवारवालीचं चिलखत काखेत फाटणार, असं तिचं पहिल्या दिवसापासूनचं म्हणणं होतं. पट मात्र दोघींचा एकच. एकीने खेळी करायची, यंत्र दुसरीच्या हातात द्यायचं. शिवाय प्रत्येकीला डावात एकदाच जादाची खेळी मिळायची, कुठलाही खडा उचलून कुठेही ठेवायची.

तिथेच मावशीचं घोडं पेंड खायचं. दुकानाचा नियम होता की मशीनवरून उठताना सुई ओवून ठेवायची, म्हणजे पुढच्या माणसाचा खोळंबा होत नाही. हा नियम मावशीच्या अंगात इतका मुरला होता की खेळातही ती पट नीट लावून, दोन लाल खडे शेजारी आणि तिसरा एका घराच्या अंतरावर, असा ऐवज भाचीच्या हाती द्यायची. जादूगार बिचारा रोज मार खायचा. शत्रूला असं आंदण द्यायचं नसतं, हे भाचीने तिला कितीदा तरी समजावलं होतं. मावशी मान डोलवायची आणि पुढच्या खेळीला तेच करायची.

पण माणूस हट्टाला पेटलं की काय करील, सांगता येत नाही. त्या आठवड्यात भाची तयार कपडे पोचवायला बाहेर पडली, की मावशी यंत्र घेऊन कपडे घालून बघायच्या खोलीत शिरायची आणि पडदा ओढून घ्यायची. तिथे सरावासाठी ठेवलेल्या यंत्रातल्याच भुताखेतांशी ती लढायची. एकदा एक गिऱ्हाईक पँट हातात घेऊन बाहेर ताटकळत उभं होतं आणि आतून मावशीचा आवाज येत होता, की मेल्या, तुला एक लाल मिळू देणार नाही. गिऱ्हाईक लाल शर्ट घालून आलं होतं. काकांनी त्याला पाणी दिलं आणि आत वेगळं प्रकरण चाललंय असं सांगून बसवलं.

सुटीच्या दिवशी दुपारी दुकानाचं दार अर्धं लोटून दोघी कटिंगच्या टेबलाशी बसल्या. काका पंच. दोनचार खेळ्यांतच भाचीचं हसू मावळलं. मावशी पट असा करून देत होती की हाती काही लागू नये. जादूगार निळे खडे गोळा करत होता, तलवारवालीला लाल दिसेनात. भाचीने बाही वर सारली. काकांनी चहा ओतला आणि प्यायचा विसरले.

दोघींचाही जीव थोडाच उरला होता आणि खेळी भाचीची होती. एक हिरवी ओळ होती, ती तिने फोडली, जखमा थोड्या भरल्या. वरून नवे खडे गडगडत आले. ती पाहत राहिली. तिच्या डोक्यात त्या वेळी बॅग होती, गाडीची वेळ होती आणि मावशीचा चेहराही होता. सरावलेल्या हातांनी तिने उरलेली जादाची खेळी वापरली, एक निळा खडा उचलून दुसऱ्या दोन निळ्यांपासून एका घराच्या अंतरावर नेऊन ठेवला आणि यंत्र पुढे केलं. लहानपणापासून तिला हेच शिकवलेलं होतं.

मावशीने पट पाहिला. निळ्यांची अख्खी रांग तिच्यासाठी तयार होती, फक्त एक खडा सरकवायचा बाकी. तिने वर पाहिलं. भाचीने कपाळावर हात मारून घेतला होता.

"गुरूची विद्या गुरूलाच फळली," काका म्हणाले.

मावशीने खडा सरकवला. पैज म्हणजे पैज.

वीज कडाडली, तलवारवाली कोसळली, तुताऱ्या वाजल्या. जांभळ्या झग्याचा जादूगार सिंहासनावर बसला. भाचीने शब्द फिरवला नाही. उद्या कळवून टाकते म्हणाली आणि चहाचे कप उचलायला लागली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, आणि तो तसा ठेवायला तिला किती कष्ट पडत होते ते मावशीला कळलं. जिंकल्याचा आनंद तिला शोधूनही सापडेना.

ती पडद्याकडे बघत राहिली. आजवर भाचीशी खेळताना ती कधी जिंकलीच नव्हती, त्यामुळे जिंकल्यावर पुढे काय होतं हे तिला ठाऊक नव्हतं. गडाचा दरवाजा उघडला. तलवारवाली उठली, गाठोडं घेऊन घोड्यावर बसली आणि डोंगरांकडे निघाली. खाली अक्षरं आली: हरलेला वीर गड सोडून नव्या प्रदेशात जातो आणि बलवान होतो. जादूगार एकटाच बसून होता. मावशीने सगळी बटणं दाबून पाहिली. पट उघडेना. सरावाची भुतं वेगळी, गडावरचा खेळ समोर दुसरा वीर असल्याशिवाय चालतच नव्हता.

"इकडे ये," ती म्हणाली. "हे वाच."

भाचीने वाचलं. "असंच असतं. मी नाही का तुला दर वेळी हाकलत होते."

"मग हरलेल्याने गड सोडायचा. नियम तुझ्याच खेळाचा आहे."

"मावशी, पैज तू जिंकलीस."

"म्हणूनच हुकूम माझा चालणार." मावशीने यंत्र टेबलावर ठेवलं. "मला एकटीला भीती वाटते ग. पाण्याचं आणि तालमीचं सगळं उगाच. पण भीती माझी आहे, ती तू कशाला भोगायची?"

भाचीने कप खाली ठेवले आणि मावशीच्या गळ्यात पडली. काकांना एकाएकी थंड इस्त्रीची वायर तपासावीशी वाटली.

पडद्यावर घोडा अजून चालतच होता, अगदी टिंबाएवढा झाला होता.

"एकदाही मागे वळून बघत नाही ग ही तुझी बाई," मावशी डोळे पुसत म्हणाली.

"तिला मान वळवताच येत नाही मावशी. बनवणाऱ्यांनी तशी बनवलीच नाही."

"तुला येते," मावशी म्हणाली.