उजवी बाही

"डब्यातली बिस्किटं कुणी संपवली?" मास्तरांच्या बायकोने डबा उलटा करून दाखवला.

"गिऱ्हाइकाच्या मुलीला दिली."

"ती खाते, आणि हातातला जोर तुमचा जातो! वा!"

घराच्या पुढच्या खोलीत मास्तरांचं शिलाईचं दुकान होतं. मधुमेह पंधरा वर्षांचा, आणि बायकोचा पहारा भारी कडक. तीन महिन्यांपूर्वी मास्तरांच्या उजव्या हातात कात्री ठरेना, तेव्हा तिने निकाल देऊन टाकला, की नवरा चोरून गोड खातो. मास्तरांनी शपथा घेतल्या, जेवण निम्म्यावर आणलं. हात काही सुधारला नाही. बोलणी खाल्ली ती वेगळीच.

त्यात स्वतःच्या नव्या शर्टाची उजवी बाही ढगळ झाली. आपलाच काप चुकला असं समजून मास्तरांनी ती दोनदा उसवली. शेवटी टेप दंडाला लावली, तर उजवा दंड डाव्यापेक्षा सव्वा इंचाने कमी!

ते माप ऐकून त्यांच्या मधुमेहाच्या डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. "मुंग्या येतात? बधिर वाटतं?"

"छे हो. सुई टोचली की टचकन कळते. नुसता जोर नाही. आणि दंडाचं मांस आपलं आपलं फडफडतं."

मग तपासण्या झाल्या, नसांच्या मोठ्या डॉक्टरांनी पाहिलं. आठवड्याने बाईंनी खुर्ची जवळ ओढली. "साखरेने नसा बिघडतात, म्हणून मीही साखरेवरच संशय घेतला. पण हा मोटर न्यूरॉनचा आजार आहे. स्नायू हलवणाऱ्या नसाच झिजतात. तो वाढत जाणार. गोळ्यांनी वेग थोडा कमी होईल, पण बरा नाही होणार."

"यांनी गोड खाल्लं म्हणून नाही ना झालं?" बायकोने विचारलं.

"नाही. साखरेची औषधं चालू ठेवा, पण पोटभर जेवू द्या. यात वजन घटणं वाईट."

मास्तर बायकोकडे वळले. "ऐकलंस? निर्दोष सुटलो!"

ती रडायलाच लागली. "मी तुम्हाला उपाशी ठेवलं हो."

"माझ्याच काळजीने ना? आता भरपाई कर."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं भरपेट जेवून कापाच्या टेबलापाशी उभी राहिली. बायकोने जन्मभर काज-बटणं केली होती, कापडाला कात्री कधी लावली नव्हती.

"मला नाही जमायचं."

"मी सांगतो ना. तोंड अजून चांगलं चालतंय माझं."

डाव्या हाताने खडूची रेघ मारून मास्तर तिच्या मागे उभे राहिले. घरात पुन्हा आपल्या शब्दाला किंमत आली, याचं त्यांना खरोखर बरं वाटत होतं. कात्री करकरत निघाली आणि बगलेच्या वळणावर चांगली बोटभर बाहेर गेली. एवढ्या चुकीसाठी त्यांनी पूर्वी कारागीर घरी बसवले होते.

तिने वळून पाहिलं. "वाकडं गेलं का हो?"

"अगदी सरळ आहे," मास्तर म्हणाले. लग्न झाल्यापासून ते तिच्याशी पहिल्यांदाच खोटं बोलले.