मला भंगारात काढायला निघालेल्यांनो

मी संगमनेरजवळच्या अकोले गावच्या इंदूबाईंचा संगणक बोलतोय. हो, तोच. पिवळा पडलेला, पंखा घरघरणारा. "अजून चालतो हा?" असं तोंडावर विचारणारे पुष्कळ भेटले. चालतो. का चालतो, तेही ऐका.

दोन हजार साली संगमनेरच्या एका दुकानात माझी जुळणी झाली. इंदूबाई तेव्हा शाळेत विज्ञान शिकवायच्या. सुट्टीच्या दिवशी जीपला लटकत डोंगरातल्या वाड्यांवर जायच्या आणि जुन्या भाताची मूठ-मूठ साळ घेऊन यायच्या. कुणी दिली, कुठल्या खाचरातली, किती दिवसांत पिकते, सगळं माझ्यात लिहायच्या. मग ती यादी बियाणं जपणाऱ्या पुण्याच्या एका संस्थेला मोडेममधून जायची. मोडेम म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून बोलणारं माझं कार्ड. जोडणी होताना ते असं किंचाळायचं की शेजारची मांजर पळ काढायची.

पुढे बाई निवृत्त झाल्या, घरात लॅपटॉप आला आणि मी माळ्यावर गेलो. बाईंच्या वह्या वाळवीने खाल्ल्या. मला कुणी खाल्लं नाही.

गेल्या वर्षी डोंगरातल्या एका वाडीवरची साळूबाई दारात आली. पायात चिखल तसाच.

"बाई, बियान्याची कंपनी म्हनती दुधकणी भात आमचा! माज्या सासूनं जपल्यालं बी हाय ते. तुमी लिव्हून घेतलं हुतं ना?"

"घेतलं होतं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी माळ्याकडे पाहिलं.

कंपनीच्या दाव्यावर साळूबाईने हरकत घेतली. सुनावणीच्या अधिकाऱ्यांनी अट घातली. मूळ यंत्र चालू करून दाखवायचं, त्यातला एकही भाग काढायचा नाही, नोंदीची प्रत तिथूनच निघाली पाहिजे. प्रत घेण्यापुरतं काही जोडलं तर हरकत नाही. मुदत आठ दिवस.

माझा फ्लॉपीचा खण गंजलेला, पेनड्राइव्ह मला ओळखता येत नाही. राहिला एकच रस्ता, तारेने दुसऱ्या संगणकाला जोडणारं नेटवर्क कार्ड. बाईंनी आरतीला बोलावलं. बाईंचीच विद्यार्थिनी, आयुष्यात पहिला माऊस धरला तो माझा. आता दाखले-अर्जांचं केंद्र चालवते. तिने जुन्या सामानाच्या दुकानातून माझ्या वयाचं एक नेटवर्क कार्ड शोधून आणलं, माझ्या पाठीत बसवलं, आणि मी जागच्या जागी गोठलो.

झालं असं, की माझ्यातला प्रत्येक भाग काम असलं की ठरलेल्या नंबरची घंटी वाजवतो. मोडेमचा नंबर पाच. नवं कार्डही पाचवरच अडून बसलेलं, त्याला दुसरा नंबरच घेता येईना. दोघांनी एकच घंटी ओढली की मला कळेना, बोलावतंय कोण!

कंपनीचा माणूस बघायला आला होता. हसत म्हणाला, "मोडेम काढून टाका ना. दोन मिनिटांचं काम आहे."

"अन् उद्या तुम्हीच म्हणणार, यंत्रात ढवळाढवळ केली," आरती म्हणाली. "हात लावायचा नाही त्याला."

तिने कार्डाची खाच बदलून पाहिली. मी पुन्हा गोठलो. मोडेमला चार नंबर दिला, तर माऊस मेला. चार त्याचा होता. सहा दिवस असे गेले. साळूबाई रोज यायची, खुर्ची नको म्हणायची, उंबऱ्याशी बसून राहायची. सहाव्या दिवशी आरतीने कपाळाला हात लावला.

"मावशी, माझ्याच्यानं होईल असं वाटत नाही."

"लेकरा, माज्या सासूनं दुस्काळात उपास काढलं, पन बियाची साळ शिजवली न्हाई. तू दोन दिस आदीच उठती व्हय?"

आरती परत बसली. या खेपेला तिने एकेका नंबरापुढे त्याच्या मालकाचं नाव कागदावर लिहिलं. तीनवर बोट थांबलं. तीन नंबर धरून बसलं होतं माझ्या पाठीमागचं एक भोक. त्यात आजवर कुणी वायर घातलेली नव्हती! रिकामं, तरी नंबर अडवून. तिने मी सुरू होताना लागणाऱ्या निळ्या पानावर जाऊन ते भोक बंद केलं आणि सुटलेला तीन मोडेमला दिला. कुठलाही भाग निघाला नाही, आणि कार्डावरचा हिरवा दिवा लागला.

सुनावणीला मला टेम्पोत गोधडीवर ठेवून नेलं. कंपनीचा माणूस म्हणाला, "असल्या डब्यात कुणीही तारीख टाईप करेल."

आरतीने नोंदीखालचं पत्र उघडलं. यादी पोहोचल्याची पुण्याहून आलेली पोच होती ती, अख्ख्या यादीसकट आणि तारखेसकट. पोच आपलीच आहे, असं संस्थेने लिहूनही दिलं. अधिकाऱ्यांनी मोठ्याने वाचलं: "दुधकणी. देणार: साळूबाईंच्या सासूबाई." प्रत तारेतून त्यांच्या लॅपटॉपवर गेली. महिन्याभराने कंपनीचा दावा फेटाळला गेला.

आता मी आरतीच्या केंद्रात, खिडकीजवळ असतो. लोक म्हणतात, काढा हे धूड. मी हलत नाही. माझा वेग कमी आहे, कबूल. स्मरण कमी आहे, तेही कबूल. पण जे सांगितलं ते मी विसरलो नाही, आणि त्यातलं काही विकलंही नाही. मी बंद पडेन तेव्हा पडेन. वाड्यावस्त्यांवरच्या बायांनो, मडक्यात, कणगीत जे राखलंय ते घेऊन या. आरती बसली आहे.

सांगा, कुणाचं नाव लिहायचं?