गुरुवारची ओपीडी

तानुबाईची बोटं धरायला लागली ती शेवंतीच्या हंगामात. तिवस्याजवळच्या मळ्यात त्यांची शेवंती होती, झेंडू होता, कडेनं वांगी होती, आणि फुलं खुडण्यात तानुबाईचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. त्या वर्षी मात्र सकाळी उठल्यावर तिच्या मुठीच उघडेनात. ऊन वर येईपर्यंत ती गरम पाण्यात हात बुडवून बसायची. कुणी विचारलंच तर म्हणायची, "थंडी हाय बाप्पा, दुसरं काय?" एक दिवस सुनेनं, आरतीनं पाहिलं की सासूला ब्लाउजचे हूक लावता येत नाहीत म्हणून ती पदर गच्च गुंडाळून बसली आहे. तेव्हा कुठे गोष्ट शेखरच्या कानावर गेली.

शेखर तिचा मुलगा. कामाला वाघ, आईवर जीव, पण डोकं तापट. एकदा कुणाशी बिनसलं की मागं वळून पाहणं नाही.

त्यानं तिवस्याच्या डॉक्टरकडून गोळ्या आणल्या. गोळ्या असेपर्यंत बरं वाटे, संपल्या की दुखणं पुन्हा तिथंच. उन्हाळ्यात तो तिला अमरावतीला हाडांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. त्यांनी एक्स-रे पाहिला, रक्ताचा रिपोर्ट पाहिला आणि सरळ सांगितलं, "हा आमवात आहे. माझं काम नाही हे. याचा डॉक्टर वेगळा असतो, रुमॅटॉलॉजिस्ट म्हणतात. त्याच्याकडे न्या, आणि उशीर करू नका."

शेखरला तो शब्द जिभेवर बसवायलाच गावापर्यंतचा रस्ता लागला.

मग शोध सुरू झाला. घरात सरकारी विमा योजनेचं कार्ड होतं. ते खिशात घालून शेखर अमरावतीतल्या दवाखान्यांच्या पायऱ्या चढू लागला. एका ठिकाणी कार्ड चालत होतं, पण तो डॉक्टरच नव्हता. दुसरीकडे डॉक्टर नागपूरहून येत असे, पण तो योजनेत नव्हता. फी, तपासण्या, इंजेक्शनं सगळं खिशातून, आणि तेही वर्षानुवर्षं. झेंडूच्या पैशात ते बसणारं नव्हतं. तिसऱ्या खिडकीवरच्या माणसानं मान वर न करताच सांगितलं, "भरती असन तरच कार्ड. नुसतं दाखवाचं असन तर नाई चालत." नागपूरला मोठ्या सरकारी दवाखान्यात न्यायचं ठरलं, पण निघायच्या दिवशी तानुबाईचे गुडघे इतके सुजले की तिला ओट्यावरून खाली उतरवेना. ते राहिलं ते राहिलंच.

पावसाळ्यात एका संध्याकाळी आरती तिला भरवत होती. घास गिळून तानुबाई हळूच म्हणाली, "शेखर, जमुनाले इचारून पाय ना एकडाव. अकोला मोठं गाव हाय. तिले माहीत असन कोनी."

शेखर ताटावरच थांबला. "तिचं नाव काढू नको माय माह्यासमोर."

"बहीन हाय तुही."

"होती."

आरतीनं नवऱ्याकडे पाहिलं आणि घास तसाच हातात धरून राहिली.

जमुना शेखरची धाकटी बहीण, अकोल्याला दिलेली. दोन वर्षांपूर्वी शेखरच्या मुलीचा, मोनालीचा साखरपुडा होता. गर्दीत जमुनाच्या नवऱ्याला, खुशालरावांना शेला-टोपी द्यायची राहून गेली. घरचा जावई, आणि व्याह्यांच्या देखत बाजूला बसून राहिला. खुशालराव भरल्या ताटावरून उठले. जमुना भावाला समजवायला आली, "दादा, नुसतं चाल म्हन त्याईले, येतीन ते." शेखरचं डोकं आधीच फिरलेलं. तो चार माणसांत ओरडला, "मानपान पाहिजे असन तर दुसरं दार पाहा म्हना!" जमुना त्याच पावली निघून गेली. लग्नाला आली नाही. पुढच्या श्रावणात तिची राखी पोस्टानं आली, ती शेखरनं आल्या पाकिटात तशीच फळीवर टाकली. त्यानंतर राखीही आली नाही.

चूक आपली आहे हे त्याला दुसऱ्या दिवशीच कळलं होतं. पण कळणं वेगळं आणि फोन उचलणं वेगळं.

वर्ष उलटलं. तानुबाईची बोटं आता एका बाजूला कलंडली होती, वाऱ्यानं कललेल्या पिकासारखी. अमरावतीच्या एका दवाखान्यात योजनेच्या खिडकीवर करिश्मा नावाची नवी मुलगी बसायला लागली होती. तिनं शेखरचं सगळं ऐकून घेतलं, दोन-तीन ठिकाणी फोन लावले आणि म्हणाली, "काका, अकोल्याले जा. तिथं एका ट्रस्टच्या दवाखान्यात दर गुरुवारी त्या डॉक्टरबाई येतात. ओपीडी फुकट असते, आन् भरती लागली तर कार्ड चालते. बऱ्याच दिवसांपासून येऊन राहिल्या त्या."

अकोल्याचं नाव ऐकून शेखरनं खिडकीवरचं कार्ड उचलून खिशात घातलं. मग म्हणाला, "जातो."

गुरुवारी पहाटेच्या एसटीनं ते निघाले. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं. तानुबाई खिडकीशी हात मांडीत घेऊन बसली होती, जणू ते दुसऱ्या कुणाचे हात सांभाळायला दिले आहेत. अकोल्याला उतरल्यावर तिनं इकडंतिकडं पाहिलं. शेखरनं दवाखान्यासाठी ऑटो थांबवला.

दवाखान्याच्या ओसरीत बाकं माणसांनी भरली होती. शेखर माईला बसवायला जागा शोधत होता, तेवढ्यात समोरच्या बाकावरून कुणीतरी उठलं.

"माय?"

जमुना होती. तिच्या शेजारी तिची सासू पार्बताबाई बसली होती आणि संत्रं सोलत होती. सोललेली फोड तिनं दोन बोटांच्या चिमटीत धरून तोंडात टाकली. शेखरचे डोळे त्या बोटांवरच थांबले.

जमुनानं माईचे हात हातात घेतले. उलटे केले, सुलटे केले.

"हे काय झालं माय? कधीपासून?"

"झालं बाई मागच्या साली... नाई, त्याच्याई आंधी."

"मले काहून नाई सांगतलं?" जमुनानं माईला विचारलं, पण पाहत होती भावाकडे. "माह्या सासूले हेच दुखनं. दोन वर्सं झाले, हर महिन्याले आनतो आमी इथं. वाटीसुद्धा धरता येत नव्हती त्याईले. सारं औषधपानी इथंच झालं. एक फोन, दादा! शिव्या द्याले तरी एक फोन करायचा!"

आजूबाजूची माणसं वळून पाहू लागली. शेखर भिंतीला टेकून उभा राहिला.

तानुबाईच म्हणाली, "त्याले नको बोलू. मीच कराले पाहिजे होता फोन. तुमी दोघं बोलत नव्हते, मंग मी कोनाकून बोलू?"

हे ऐकून शेखरला जास्तच लागलं. जमुनाला विचारून पाहा असं माईनं त्याला सांगितलं होतं, आणि आता ती ते झाकून घेत होती.

डॉक्टरबाईंनी तानुबाईला नीट तपासलं. जुने रिपोर्ट वाचले, प्रत्येक सांधा दाबून पाहिला. "आजी, काही दिवस भरती व्हा. कार्डावर होईल सगळं. सूज उतरेल, दुखणं पुष्कळ कमी होईल."

"आन् बोटं?" शेखरनं विचारलं.

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. "सांधे झिजलेत. जे वाकलं ते आता सरळ होणार नाही. पुढचं थांबवता येईल. सुरुवातीला आल्या असत्या तर हे झालं नसतं." त्यांच्या आवाजात राग नव्हता. रोज कुणाला ना कुणाला हेच सांगावं लागत असणार.

तानुबाईला भरती केलं. रात्री जमुना तिच्याजवळ थांबणार होती. खुशालराव पार्बताबाईला घरी सोडून डबा घेऊन आले. शेखरला पाहून थबकले, मग "चहा घेतला काय?" एवढंच विचारलं आणि तानुबाईच्या खाटेपाशी जाऊन बसले. शेखरनं नाही म्हटलं आणि लगेच वाटलं, हो म्हणायला हवं होतं.

मळ्यात पाणी द्यायचं होतं, परतणं भाग होतं. जमुना त्याला फाटकापर्यंत सोडायला आली. रस्त्यावर ऑटोवाले गिऱ्हाईकांना हाका मारत होते. शेखर थांबला.

"जमुना, चूक झाली माही. तेव्हाई, आन् त्याच्यानंतरई."

"मले माहीत हाय," जमुना म्हणाली. पदरानं तोंड पुसलं. "तू आला असता ना दादा, मी काईच म्हनलं नसतं. आताई नाई म्हनत. पन मायचे बोटं काही त्यानं सरळ नाई होत."

शेखरनं मान खाली घातली. तिनं त्याच्या खांद्यावरची पिशवी नीट केली, लहानपणी शाळेत जाताना करायची तशी, आणि म्हणाली, "जाय आता. गाडी चुकन. माय झोपली की फोन करतो मी."

एसटीत त्याला खिडकीची जागा मिळाली. मूर्तिजापूर येईपर्यंत तो फोन हातात घेऊन बसला होता. तो वाजला तेव्हा त्यानं पहिल्याच घंटीला उचलला.