कपाटातलं नेट

माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, आणि या धंद्याने मला माणसांची किळस शिकवली. लोक स्वतः घासूनपुसून येतात आणि कॉम्प्युटर मात्र उकिरड्यातून उचलून आणल्यासारखा माझ्यापुढे ठेवतात. की-बोर्ड उलटा करून झटकला की काय काय पडतं ते सगळं सांगितलं तर तुमचं जेवण राहील. नखं पडतात, एवढंच सांगते.

तरी दादाच्या घरी जायचं म्हटलं की त्याहून जास्त किळस येते. दादा माझा थोरला भाऊ. त्याच्या घरात सोफ्यावर प्लास्टिक, रिमोटवर प्लास्टिक, दिव्याच्या बटणांवरसुद्धा प्लास्टिक. आणि ज्याला प्लास्टिक पुरेसं वाटत नाही ते सगळं झोपायच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात. ते कपाट आमच्या बाबांचं. बाबा त्यात बिस्किटं, कात्री, टॉर्चचे सेल असं काहीही कुलपात ठेवायचे आणि कात्री मागितली की ‘कशाला हवीय?’ असं विचारायचे. बाबा गेल्यावर दादाने बाकी काही मागितलं नाही, फक्त ते कपाट नेलं. किल्ली पॅंटच्या खिशात असते आणि पॅंट त्याच्याबरोबर ऑफिसला जाते.

त्या दिवशी वहिनीचा फोन आला तेव्हा तिचा आवाजच बसला होता. ‘वन्सं, आज चार वाजता माझी नोकरीची ऑनलाइन परीक्षा आहे. आधी नेटचा स्पीड तपासतात, मगच बसू देतात. दोनदा स्पीड कमी म्हणून मला बसूच दिलं नाही. ही शेवटची संधी आहे म्हणाले.’

घरबसल्या ग्राहकांच्या तक्रारी ऐकायची नोकरी होती. वहिनीला ती हवी होती म्हणजे किती हवी होती, ते मला ठाऊक होतं. महिनाभर ती भांडी घासताना एकटीच ‘बोला, मी आपली काय मदत करू?’ असं बोलून बघत होती. मोबाइलचं नेट चालणार नाही, असं कंपनीने आधीच कळवलं होतं. दादाचं म्हणणं एकच: ‘नेट चांगलं आहे. हिलाच जमत नाही. घाबरते आणि भलतंच काहीतरी दाबते.’

जेवण अर्धवट टाकून गेले. बाहेरच्या खोलीत टेबलावर कॉम्प्युटर, वर भरतकाम केलेलं झाकण. मागे हात घातला आणि पटकन काढून घेतला. धुळीचा ओलसर, तेलकट थर, त्यात केस, आणि कोपऱ्यात झुरळाची अंडी. त्या घाणीत खुपसलेला होता नेट पकडणारा यूएसबी ॲडॅप्टर, दादाने दोन महिन्यांपूर्वी आणून दिलेला. त्यालाही प्लास्टिक गुंडाळून वर चिकटपट्टी मारलेली. पट्टीचा गोंद वितळून माझ्या बोटांना लागला. मी ती बोटं तीनदा धुतली.

‘ह्यांनीच लावलाय,’ वहिनी म्हणाली. ‘काढू नकोस म्हणालेत.’

‘मग मी काढते. मला थोडंच म्हणालाय तो.’

प्लास्टिक फाडलं. तो मागच्या जुन्या, संथ खाचेत होता, तो पुढच्या नव्या खाचेत लावला. स्पीड जरासा हलला आणि पुन्हा बसला. कॉम्प्युटरच्या डब्याच्या लोखंडाचा अडथळा नको म्हणून छोटी वायर जोडून ॲडॅप्टर टेबलाच्या कडेला आणला. स्पीड तेवढाच. त्याचं सॉफ्टवेअर काढून नवं टाकलं, वीज वाचवण्यासाठी तो मध्येच झोपी जात होता ती सोय बंद केली. शेवटी माझ्या पिशवीतला चांगला ॲडॅप्टर लावून बघितला, तर तोही तसाच रडत होता. म्हणजे ॲडॅप्टर बिचारा निर्दोष होता, आणि मी तासभर त्याला शिव्या घालत होते.

‘कायमच असं असतं का गं?’ मी विचारलं.

‘नाही ना! संध्याकाळी हे आले की पळतं. म्हणून तर हे म्हणतात, मी असलो की बरोबर चालतं.’

हे अगदीच उफराटं होतं. संध्याकाळी सगळी इमारत नेटवर तुटून पडते, तेव्हा ते मरायला हवं. माझं डोकं तेव्हा कुठे ठिकाणावर आलं.

‘वहिनी, राउटर कुठाय?’

तिने झोपायच्या खोलीकडे बघितलं. मला उत्तर कळलं, पण खरं वाटेना. नेटची तार मुख्य दारातून येत होती, भिंतीच्या कडेने या टेबलाच्या अगदी मागून जात होती आणि तशीच आत. मी तिच्यामागे गेले. तार कपाटाच्या बाजूला पाडलेल्या भोकातून आत शिरली होती. भोकाला रबराची कडसुद्धा लावली होती, पत्र्याने तार कापू नये म्हणून. एवढी काळजी! कपाटाला कुलूप.

मी दादाला फोन लावला आणि आवाज मोठा करून ठेवला, वहिनीलाही ऐकू जावा म्हणून.

‘दादा, राउटर कपाटात कोंडलायस?’

‘बाहेर धूळ बसते. नाजूक वस्तू आहे.’

‘लोखंडातून नेट बाहेर येत नाही. किल्ली घेऊन ये. चारला तिची परीक्षा आहे.’

‘ऑफिस सोडून? मी संध्याकाळी येतोच, मग कपाट उघडंच असतं.’

‘म्हणजे कपाट बंद असलं की नेट मरतं, हे तुला माहीत होतं?’

‘अगं, मी नसताना दिवसभर चालू कशाला हवंय? आणि घरातल्या बाईने तासन्‌तास परक्या लोकांशी काय बोलायचंय? मी सरळ नाही म्हटलं नाही, वाईट वाटलं असतं तिला. उलट तिला ॲडॅप्टर आणून दिला की. नवा कोरा!’

मी फोन बंद केला. झुरळाच्या अंड्यांचीही एवढी किळस आली नव्हती. ती अंडी निदान कुणाचं भलं केल्याचा आव आणत नव्हती. याने नेट कुलपात घातलं, वर बायकोला मठ्ठ ठरवलं, आणि तिने रोज आभार मानावेत म्हणून एक खेळणं आणून दिलं. असल्या माणसाशी आपलं रक्त जुळतं याची शिसारी येते, दुसरा शब्द नाही.

वहिनी रडेल असं मला वाटलं होतं. तिने टेबलावरचं फाटलेलं प्लास्टिक गोळा केलं, कचऱ्यात टाकलं, हात पुसले.

‘वन्सं, तार इथूनच जाते ना?’

‘हो.’

‘इथे कापली तर?’

‘टोकाला नवी क्लिप दाबून सरळ तुझ्या कॉम्प्युटरला लावता येईल. पण त्याच्या कपाटात काही जाणार नाही.’

‘पक्कड द्या.’

मी कापते म्हटलं, तर तिने माझा हात बाजूला केला. तार तिनेच कापली. मी क्लिप बसवली, नेटच्या कंपनीने दिलेला पासवर्ड टाकला आणि तपासणीचा काटा हिरव्याच्या पार टोकाला गेला. चारला ती खुर्चीत बसली. मी स्वयंपाकघरात जाऊन दार लोटून घेतलं. बाहेरून तिचा आवाज येत होता: ‘बोला, मी ऐकतेय.’ घाबरलेला अजिबात नव्हता. उठून माझ्याकडे आली ती काम कधीपासून सुरू करायचं ते विचारूनच.

मी निघणार होते, पण दादाचं तोंड बघायचं होतं म्हणून थांबले. आल्या आल्या त्याने कपाट उघडलं, दार सताड ठेवलं आणि मोबाइल घेऊन सोफ्यावरच्या प्लास्टिकवर बसला. थोड्या वेळाने उठला, कपाटात डोकं घालून आला, पुन्हा बसला.

‘दिवे तर लागलेत,’ तो म्हणाला. ‘मग चालत का नाहीये?’

वहिनीने ड्रॉवरमधून ॲडॅप्टर काढला, पदराने स्वच्छ पुसला आणि त्याच्या हातावर ठेवला.

‘हा लावून बघा,’ ती म्हणाली. ‘नवा कोरा आहे. आणि घाबरू नका, भलतंच काही दाबू नका.’