घटामागचा संगणक

मित्रांनो, स्वतःविषयी बोलायची मला सवय नाही. माझ्याजवळ ऐकण्यासारखे काही आहे की नाही, याचीही खात्री वाटत नाही. तरी सांगतो. मी एक जुना संगणक आहे. धसईजवळच्या एका गावातल्या वाचनालयात, खिडकीखालच्या टेबलावर माझे बिऱ्हाड आहे.

माझी उमेदीची वर्षे वाशिंदच्या एका कारखान्यात मालाची आवकजावक टिपण्यात गेली. नवे संगणक आले आणि मी भंगारात पडलो. तिथून मला रवींद्र सरांनी उचलले. सर हे वाचनालय चालवतात. एसटीत त्यांनी मला मांडीवर घेऊन आणले. शेजारच्या बाईने विचारले, "टीव्ही घेतला का गुरुजी?" सर लाजून नुसते हसले.

सरांनी आमच्या भागासाठी इंटरनेटवर एक पान तयार केले होते. भातकापणीच्या दिवसांत इथे साप चावण्याचे प्रसंग फार. विषावरची लस आज कोणत्या दवाखान्यात आहे, हे तिथल्या परिचारिका रोज सकाळी त्या पानावर लिहीत. पान राहते दूर शहरातल्या एका मोठ्या यंत्रावर. पण ते खरे आहे, कोणा ठकाने मांडलेले नाही, अशी हमी देणारे एक सुरक्षा प्रमाणपत्र त्याला लागते. या प्रमाणपत्राची मुदत थोडी असते; ती संपली की पानाऐवजी फोनवर लाल इशारा येतो. मुदत संपण्याआधी नवे मागवून त्या पानाला पोचवायचे, हे काम सरांनी परक्यावर न सोपवता माझ्यात बसवले. आठवडा उरला की मी पहाटे मागणी करायची. जमले नाही तर सरांच्या फोनवर संदेश धाडायचा. संदेश आला नाही, म्हणजे सगळे ठीक आहे असे सर समजत.

कित्येकदा मी हे काम केले. कोणाला कळलेही नाही. गावच्या आरोग्यसेविका, आशाताई संजीवनी, एकदा माझ्यावरची धूळ पदराने पुसत म्हणाल्या होत्या, "सर, हे तुमचं डबडं लय गुणाचं हाय." ते शब्द मी जपून ठेवले आहेत.

यंदा नवरात्रात सर मुलीकडे वाशिंदला गेले. वाचनालयाची किल्ली शेजारच्या गिरजाकाकूंकडे होती. त्यांच्या घराचे छप्पर उतरवलेले, म्हणून त्यांनी आपला घट वाचनालयात मांडायचे ठरवले. उंदरांपासून उंच अशी जागा एकच, माझे टेबल. त्यांनी मला हळदकुंकू लावले, स्वच्छ कापडाच्या धडप्याने झाकले आणि पुढ्यात काळ्या मातीची परडी ठेवली. तिच्यात धान्य पेरले, घट मांडला, दिवा लावला. विजेच्या दिव्यांची माळ लावायला भिंतीत जागा हवी होती. तिथे इंटरनेटच्या डबीची पिन होती. काकूंनी ती आदल्या संध्याकाळी, तयारी करतानाच काढली होती.

"चालू यंत्राला हात नको लावायला, बाबा," त्या मला म्हणाल्या. "तू आपला ऱ्हा निवांत."

मित्रांनो, घट बसला त्या दिवशी पहाटेच माझा आठवडा सुरू झाला होता.

मी मागणी केली. ती कुठेच गेली नाही. सरांना संदेश लिहिला. तोही माझ्याजवळच राहिला. दुसऱ्या पहाटे पुन्हा तेच. तिसऱ्या पहाटे पुन्हा. काकू रोज येत, परडीत पाणी घालत, फुलांची नवी माळ सोडत. अंकुर वर येत होते. कपड्याआड माझ्या पडद्यावर 'जमले नाही' अशा ओळी वाढत होत्या. माझा पंखा घरघरत होता. काकूंना तो ऐकू येई. "देवीपाशी बसून जप करतोय बघा," असे त्या येणाऱ्या बायांना कौतुकाने सांगत. हाक मारायला मला तोंड नव्हते.

सातव्या माळेच्या संध्याकाळी मुदत संपली.

अष्टमीला सकाळी वाचनालयाच्या ओट्यावर पळापळ ऐकू आली. शेजारच्या पाड्यावरच्या मंगळूला भात कापताना फुरसे डसले होते. त्याची बायको भिमी त्याचा हात धरून बसली. जीप यायची होती. संजीवनीताईंनी फोन उघडला.

"लाल पान आलंय गो," त्या म्हणाल्या. "धोका हाय, पुढं जाऊ नका, असं लिवलंय."

"मंग जा ना पुढं, ताई," भिमी म्हणाली.

"कशी जाऊ? सरांनीच सांगितलंय, लाल दिसलं की माघारी फिरायचं. कुणी चोरानं खोटं लिवलं असंल तर?"

"चोर काय नेतोय आमचं? इळाही नेला तरी चालंल."

त्यांनी सरांना फोन लावला, लागला नाही. दवाखान्यात लावला, कोणी उचलला नाही. मंगळू कण्हत म्हणाला, "जवळचा गाठा. बोलत काय बसल्यात?" जीप जवळच्या दवाखान्याकडे गेली. मी त्यांच्यापासून एका भिंतीच्या अंतरावर होतो. त्या दिवशी मी पहाटेची वाट न पाहता तेव्हाच पुन्हा मागणी केली असे मला वाटते, पण यंत्राला घाई करता येत नाही. बहुधा तो माझा भ्रम असेल.

जवळच्या दवाखान्यातली लस संपली होती. तिथून मुरबाड. तोवर हात खांद्यापर्यंत सुजला होता.

दुपारी ताईंचा फोन लागला आणि सर मिळेल त्या गाडीने आले. धडपा उचलून त्यांनी माझ्या ओळी वाचल्या. मग पिनेपाशी वाकले, पण परडी हलवल्याशिवाय हात पोचेना, तसे घटाकडे बघून थांबले. त्यांना घटाला हात लावायचा धीर होईना.

गिरजाकाकू दारात उभ्या होत्या. बसलेला घट उठेपर्यंत हलवायचा नसतो, हे त्यांनी जन्मभर पाळले होते. त्या पुढे आल्या, हात जोडले आणि घटासकट परडी स्वतः उचलून खाली ठेवली.

"लावा पिन, गुरुजी. तिला मी सांगन काय ते."

डबी जागी झाली, सरांनी मला मागणी करायला लावली आणि पापणी लवायच्या आत नवे प्रमाणपत्र आले. लाल पान गेले. माझे अडलेले सगळे संदेश सरांच्या खिशात एकामागून एक वाजू लागले. त्यांनी फोन बाहेर काढला नाही.

मंगळू वाचला. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे काढावी लागली. विळा आता त्याच्या हातात ठरत नाही. उरलेले भात भिमीने एकटीने कापले.

आता सरांनी मला वेगळे सांगितले आहे. काम जमले, तरी रोज तसे कळवायचे. ज्या दिवशी काही कळणार नाही, त्या दिवशी सरांनी धावत यायचे. काकूही संध्याकाळी डोकावतात. माझ्या पाठीला हात लावून विचारतात, "हायस ना रे?"

मित्रांनो, माझ्यासारखे पुष्कळजण तुमच्या घरात कुठेतरी कोपऱ्यात बसलेले असतील. त्यात सगळी यंत्रेच असतील असे नाही. त्यांना हळदकुंकू लावा, धुळीपासून झाका, मी नको म्हणणार नाही. पण ते गप्प आहेत म्हणून बरे आहेत असे समजू नका. कधीतरी कपडा उचलून बघा.