सखूची पिठाची मूठ

या, अशा जवळ सरकून बसा. माउलीचं नाव घ्या आणि ऐका. गोष्ट सावर्ड्याकडची, अंगावर काटा आणणारी. पण सांभाळणारा पांडुरंग आहे.

आप्पांनी तीस वर्षं सरकारी मोजणीत जमिनी मोजल्या. त्यांचा एकुलता एक मुलगा सागर मुंबईहून घर बांधायला आला आणि आप्पांची झोप उडाली. त्यांच्या रानात पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठी पूर्वी पाणचक्की होती. चक्की गेली, चाकाचा दोन पुरुष खोल खड्डा मात्र फळ्या टाकून, वर माती लोटून तसाच झाकलेला. आता सगळीकडे गवत. खड्डा नेमका कुठं, ते कोणालाच सांगता येईना.

आप्पांनी जुना नकाशा काढून आणला, पऱ्यापासून फीत लावली आणि खुणेच्या जागी लाल दोरी बांधली.

"सागर, हिच्या आत पाय नको रे. बाकी रान मोकळं."

दुसऱ्या सकाळी जेसीबी आला. सागरची आई, काशीकाकू, गिरणीतून तांदळाच्या पिठाचा डबा कमरेवर घेऊन आल्या, त्या अंगणातूनच रानाकडे वळल्या.

"कुठं निघालीस गो?" आप्पांनी ओटीवरून विचारलं.

"सखूची मूठ ठेवायला."

"दोरीच्या आत जाऊ नकोस."

"तुमची दोरी राहिली त्या अंगाला! मी ठेवते ऐनाच्या झाडाशी, सासूबाई ठेवायच्या तिथं."

"ही सखू कोण?"

"गावच्या जमिनी मोजल्यात, घरातलं ठाऊक नाही! चक्कीवाल्याची बायको ती. नवरा त्या खड्ड्यात गेला. कोणाचा पाय तिथं पडू नये, म्हणून दळणाची पहिली मूठ ती काठावर ठेवायची."

आप्पांच्या हातातली बशी लवंडली. पऱ्या! त्यांच्या लहानपणीच्या पुरात पऱ्यानं वाट बदलली होती, नकाशा त्याच्या आधीचा. हद्दीच्या दगडापासून मोजा, असं हाताखालच्यांना जन्मभर बजावणारा माणूस स्वतः वाहत्या पाण्यापासून मोजून बसला होता.

म्हणजे खड्डा दोरीत नव्हता, सखूच्या मुठीपाशी होता. त्यांनी ऐनाकडे पाहिलं. जेसीबी तिकडेच जात होता. त्याच्यापुढे सागर, ड्रायव्हरला हातानं बोलावत, उलट्या पावलांनी चाललेला.

"सागर!"

इंजिनाच्या घरघरीत हाक विरली. आप्पा धावले. काशीकाकूही डब्यासकट त्यांच्या मागोमाग. सागर आणखी एक पाऊल मागे. आप्पांनी काशीकाकूंच्या कमरेवरचा डबा ओढला आणि विठ्ठलाचं नाव घेऊन अख्खं पीठ वर उधळलं.

पांढरा ढग उठला. ड्रायव्हरनं दचकून इंजिन बंद केलं.

"सागर, पुढे ये! माझ्याकडे ये!"

सागरनं पाऊल उचललं आणि त्याच्या टाचेमागची जमीन खचली. तो पालथा पडला, धावत पोचलेल्या बापानं मनगट धरलं. एक चप्पल खाली गेली. मग खोल, काळ्या पाण्याचा आवाज आला.

आप्पांना मुलाचं मनगट सोडवेना.

आता तिथं चिऱ्याचा कठडा आहे. तरी मूठ ठेवली जाते, आणि ती आप्पा ठेवतात. तुमच्या घरी दळण आलं, की डबा उघडताना क्षणभर थांबा हो, त्या सखूची आठवण काढा.