तोंडात मावणारे शेजारी

मित्रांनो, कळंबला पुणे-नाशिक रस्त्यालगतच्या एका हॉटेलामागे पत्र्याची शेड आहे. तिथे मोडक्या खुर्च्यांच्या आडोशाला मी पडून आहे. मी समुद्री माशांची मोठी टाकी. आता माझ्यात पाण्याचा थेंब नाही. काचांवर मिठाचे पांढरे ओघळ तेवढे उरले आहेत.

पुण्यातल्या कारागिरांनी जाड काचा एकमेकींना चिकटवून मला उभे केले. हनुमंतने मला आपल्या नव्या हॉटेलासाठी आणले. येणाऱ्या-जाणाऱ्याने थांबून बघावे असे काहीतरी त्याला हवे होते. माझी देखभाल मात्र त्याची बायको सुप्रिया करी.

तिने पाण्यात बेताने मीठ मिसळले, वाळू पसरली, खडक रचले आणि पाणी माशांना मानवेल असे होईपर्यंत माझ्यात एकही मासा सोडला नाही. मासे विकणाऱ्याला ती फोनवर सारखी विचारी, हा केवढा वाढेल? काय खाईल? कोणाशी पटेल? मग तिने भगव्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या क्लाउनफिशची जोडी सोडली आणि वाळूत राहणारा बारकासा गोबी मासा सोडला. पिवळा टँग सर्वांत शेवटी आणला. तो तापट होता; आधी आला असता, तर सारी टाकी त्याने आपलीच मानली असती. जेवायला आलेली मुले काचेला नाक लावून उभी राहत. ते माझे सुखाचे दिवस होते.

हॉटेलाच्या वाढदिवसाला हनुमंत दोन पिशव्या घेऊन आला. एकीत पिसारा फुलवलेला लायनफिश होता, दुसरीत धष्टपुष्ट ट्रिगर.

सुप्रियाचा चेहरा उतरला. "अहो, ह्या लायनफिशच्या तोंडात मावंल त्याला तो गिळतो. आन् ह्यो ट्रिगर दुसऱ्यांचे पर कुरतडतो. परत देऊन या."

"अगं, लई मोठी टाकी हाय. राहत्याल की समदे," हनुमंत हसत म्हणाला. "पावणं यायला लागलेत. आता कुठं परत देऊ?"

त्याने पिशव्या माझ्यात रिकाम्या केल्या.

दुसऱ्या सकाळी गोबी दिसला नाही. कुणी शोधलाही नाही, कारण लायनफिशभोवती गर्दी जमली होती. ट्रिगर टँगला या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात हाकलत राहिला. टँगचे पर फाटले. त्याने खाणे सोडले आणि तो खडकामागे जाऊन बसला.

त्याला बाहेर काढायला सुप्रियाने जाळी घेऊन हात आत घातला. तिचे लक्ष टँगवर होते. कपारीतल्या लायनफिशचा विषारी काटा तिच्या बोटात घुसला. ती किंचाळली. बघता बघता हात कोपरापर्यंत सुजला. हनुमंतने तिला गाडीत घालून मंचरच्या दवाखान्यात नेले.

मग माझ्याकडे बघायला कुणीच नव्हते. टँग खडकामागे मेला आणि तिथेच कुजला. पाणी गढूळ झाले, वास सुटला. क्लाउनफिशची जोडी एकमेकांना चिकटून वरच्या पाण्यात धापा टाकत होती. ती गेली, लायनफिश गेला, शेवटी ट्रिगरही तरंगला. मित्रांनो, त्या दोघांना मी दोष देत नाही. ते त्यांच्या स्वभावाप्रमाणेच वागले.

सुप्रिया घरी आली, पण ते बोट पुन्हा वाकले नाही. हनुमंतने स्वतःच्या हाताने मेलेले मासे काढले. नंतर मला शेडमध्ये टाकून वर ताडपत्री घातली.

पुढे शिनोलीचा कुशाबा मला विकत घ्यायला आला. त्याने ताडपत्री काढून काचेवर टिचक्या मारल्या. पाण्यासाठी मी आसुसले होते. वाटले, सुटले एकदाची!

"मासे कुठलं सोडणार, भाऊ?" सुप्रियाने विचारले.

"दिसाया भारी असत्याल ते. समदे एकदमच आणू."

हनुमंतने सुप्रियाच्या हाताकडे पाहिले. "द्यायची न्हाई, राव."

"मग काय हितंच सडवणार व्हय?"

"सडू दे," हनुमंत म्हणाला आणि त्याने ताडपत्री पुन्हा माझ्यावर ओढली.

त्या अंधारात मला फार रडू आले. पण त्याने केले ते बरोबरच होते.

मित्रांनो, मासा आवडला म्हणून लगेच पिशवीत घेऊ नका. तो कोणाबरोबर राहू शकतो, ते आधी विचारा. शेजारी वाईट निघाला, तर माणूस घर बदलतो. माझ्या चार काचांतून कुणालाच कुठे जाता येत नव्हते.